तीन नंबरचं बटण

आमच्या ईरी गावात रविवारी दुपारी एक वाजता भांडणं सुरू होतात. धर्मावरून नाही, राजकारणावरून नाही. टीव्हीवर कोणता सामना दाखवणार यावरून. गाव तळ्याकाठी अशा बेतानं वसलंय की एका बाजूला बफेलो, दुसऱ्या बाजूला क्लीव्हलंड आणि खाली पिट्सबर्ग. तिन्ही शहरांचे अमेरिकन फुटबॉलचे संघ, तिघंही बहुतेक एकाच वेळी खेळणार, आणि आमच्या स्टेशनला त्यातला एकच सामना दाखवता येणार. म्हणजे दर रविवारी उरलेल्या दोन संघांची माणसं स्टेशनच्या मॅनेजरच्या नावानं बोटं मोडत बसणार. बिचारा मॅनेजर चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो आणि प्रार्थना संपायच्या आत सटकतो.

मी नॉर्बर्ट गोर्स्की. जन्म बफेलोचा, म्हणून संघ बफेलोचा. धंदा घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करण्याचा. भट्ट्या नेमक्या रविवारी बंद पडतात, त्यामुळे अर्धे सामने मी लोकांच्या तळघरात गुडघ्यांवर बसून ऐकलेत. वरच्या मजल्यावर पाय आपटले की कळतं, हे घर कोणत्या संघाचं. या जोरावर 'ईरी काय बघतं ते माझ्याइतकं कोणाला कळत नाही' असं मी बिअर पिताना सांगत असे. कोणी विचारलेलं नसायचं.

त्यात आमच्या टीव्हीवर ती डबी आली आणि माझं डोकं पुरतं फिरलं.

देश काय बघतो हे मोजणारी एक कंपनी आहे. तिची ट्रूडी नावाची बाई एक दिवस दारात उभी राहिली. म्हणाली, तुमचं घर निवडलं गेलंय. डबीला बटणं होती. एक नंबर माझा, दोन नंबर माझ्या बायकोचा, मार्लीनचा, आणि तीन नंबर माझ्या सासऱ्यांचा. बाकीची बटणं पाहुण्यांसाठी. टीव्ही लावला की डबीवर तांबडा दिवा लुकलुकायला लागतो. समोर बसलेल्यांनी आपापलं बटण दाबलं की थांबतो. अट एकच, की याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही.

अहो, ही अट माझ्यासारख्या माणसाला! पेपरात छापून यायचं की फुटबॉलचे प्रेक्षक घटले. चर्चच्या हॉलमध्ये कॉफी पिताना प्रत्येक जण कारण सांगायचा. कोणी म्हणे जाहिराती फार झाल्या, कोणी म्हणे पोरं फोनवर बघतात, कोणी म्हणे पूर्वीसारखे खेळाडू कुठे राहिलेत. आणि जो आकडा घटला त्यात ज्याचं बोट होतं, तो मी, तिथंच कप धरून उभा! मी फक्त गूढ हसायचो.

"नॉर्ब, पोटात दुखतंय का तुझ्या?" मार्लीन विचारायची.

आता सासऱ्यांबद्दल सांगतो, कारण हे सगळं त्यांच्यापायी झालं. लुडविक झुपान. क्लीव्हलंडचे. जन्मभर तिथं सरकारी बस चालवली. सामन्याच्या दिवशी स्टेडियमपर्यंत माणसं भरभरून नेली आणि संध्याकाळी परत आणली, पण स्वतः कधी आत गेले नाहीत, कारण सामना आणि त्यांची पाळी कायम एकाच वेळी. परतीच्या माणसांना 'काय झालं' असं विचारायचीही गरज पडायची नाही म्हणे. पहिला माणूस पायरीवर पाय कसा ठेवतो त्यावरूनच कळायचं.

"आणि बहुतेक वेळा कसा ठेवायचा?" मी विचारायचो.

"गप रे. तुझ्या बफेलोची माणसं तर पायी घरी जायची. बसमध्ये तोंड दाखवायची लाज वाटायची त्यांना."

सासूबाई गेल्यावर ते आमच्या गावात, जवळच्याच एका खोलीत राहायला आले. रविवारी क्लीव्हलंडवाल्यांच्या बारमध्ये जायचे. हा बार तळघरात. तिथल्या डिशवर सगळे सामने दिसतात. त्या वर्षी शरद ऋतूत त्याच तळघराच्या जिन्यावर ते घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, काठी आली, आणि डॉक्टरांनी सांगितलं, जिने बंद. मार्लीननं त्यांना आमच्याकडे आणलं. मला कोणी विचारलं नाही, आणि माझी खुर्ची गेली. टीव्हीसमोरची, पाय वर करता येणारी, माझी स्वतःची खुर्ची.

डबी मात्र त्यांना फार आवडली. टीव्ही लागला की काठी सावरत वाकायचे आणि तीन नंबर असा दाबायचे, जसा काही शिक्का मारताहेत.

"जन्मभर मी माणसं मोजली," म्हणायचे. "आता मला कोणीतरी मोजतंय."

पण मोजून काय उपयोग? त्यांचा संघ त्या वर्षी इतका रडत खेळत होता की आमचं स्टेशन त्यांचा सामना दाखवेचना. बफेलो, पिट्सबर्ग, पिट्सबर्ग, बफेलो. म्हातारबा रविवारी एक वाजता डोळ्यात प्राण आणून बसायचे, पडद्यावर दुसरीच शिरस्त्राणं दिसली की बटण दाबून भिंतीकडे तोंड करायचे. दाबायचे मात्र. प्रामाणिक माणूस.

"बाबा, आपण घरीच डिश बसवू," मी एकदा म्हणालो.

"हे असलं बघायला? रडायला वर पैसे भरायचे?"

अशात त्यांच्या जुन्या मित्राचे, स्टांकोचे फोन यायला लागले. स्टांको पण बसवालाच. क्लीव्हलंडच्या एका वृद्धाश्रमात होता. तिथं म्हणे हॉलमध्ये भिंतीएवढा टीव्ही, दर रविवारी आपलाच सामना, आणि नर्स मधल्या सुट्टीत सूप आणून देते. नोव्हेंबरच्या शेवटी एका जेवणाच्या वेळी सासऱ्यांनी जाहीर केलं.

"स्टांकोच्या शेजारची खोली रिकामी होतेय. मी जातो."

मार्लीननं ताट बाजूला सारलं. उठून ओट्याशी गेली आणि नाताळच्या पोतित्साचं पीठ मळायला लागली. अक्रोड भरलेल्या त्या गोड पावाचं पीठ हलक्या हातानं मळायचं असतं, पण त्या दिवशी तिनं ते अक्षरशः कुटलं. मी तिच्या पाठीकडे बघत बसलो. खरं तर मला नाचायला हवं होतं. खुर्ची परत मिळणार, रविवारी शांतता, कोणी टोमणे मारणार नाही. तेवढ्यात सासरे म्हणाले, "जावईबापू, तुमची खुर्ची मोकळी झाली, आता निवांत हरत बसा," आणि मी चमचा खाली ठेवला. बफेलो हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या टेबलावर मला कोण छळणार, हा विचार मनात आला आणि मी पार हादरलो. मला म्हातारा हवा होता, च्यायला.

पण हे सरळ बोलेल तो नॉर्बर्ट कसला! मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "पैज लावा. नाताळच्या आधीच्या रविवारपर्यंत आपल्या स्टेशननं या घरात तुमचा सामना दाखवला, तर तुम्ही इथंच राहायचं. नाही दाखवला, तर मी स्वतः तुम्हाला गाडीनं पोचवतो."

"तू कोण लागून गेलास स्टेशनला सांगणारा?"

"ते माझं मी बघतो," मी म्हणालो आणि पुन्हा गूढ हसलो.

"बाबा, याला खरंच पोटाचा काहीतरी त्रास आहे," मार्लीन पीठ आपटत म्हणाली.

माझा हिशेब सोपा होता. स्टेशन आकडे बघून सामना ठरवतं, आणि आकडा आमच्या घरातून निघतो. म्हणजे ठरवणार मी! क्लीव्हलंडचं जे काही दिसेल त्याला भरमसाट प्रेक्षक दाखवायचे, आणि बफेलोला एकही नाही. माझ्या बफेलोला! पण म्हटलं, लढाईत एवढं चालायचंच.

शनिवारी दुपारी क्लीव्हलंडच्या प्रशिक्षकाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. हरलो का, याची कारणं तो सांगायचा. प्रशिक्षकाची बायकोसुद्धा हा कार्यक्रम बघत नसेल. मार्लीन बाजारात गेली आणि सासरे व्यायाम करून घेणाऱ्या बाईबरोबर आतल्या खोलीत असले की मी तो लावायचो आणि पाहुण्यांची सगळी बटणं दाबायचो. डबी पाहुण्यांचं वय विचारते, बाई की पुरुष तेही विचारते. जाहिरातवाल्यांना तरुण बायका लागतात असं कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून मी तरुण बायका बोलावल्या. सात. दर शनिवारी. आणि मी एकटा त्यांच्यात बसून प्रशिक्षकाची रडगाणी ऐकायचो.

रविवारचं काम अवघड होतं. बफेलोचा सामना लागलाय, खोलीत बसलो तर बटण दाबायलाच हवं. बसून न दाबणं म्हणजे फसवणूक, आणि मी कंपनीला शब्द दिला होता. (सात तरुण बायकांचं काय, हे मला विचारू नका. माझा प्रामाणिकपणा शनिवारी सुट्टीवर असायचा.) खोलीतच नसलो तर मात्र प्रश्न मिटला. मार्लीनला फुटबॉलचं वावडं, आणि पैज लागल्यापासून म्हातारबा दुसऱ्या संघाचं तोंड बघायला नको म्हणून आतल्या खोलीतच पडून राहायचे. म्हणून मी टीव्ही लावला, पडदे बाजूला सारले, कोट चढवला आणि अंगणात जाऊन खिडकीतून सामना बघायला लागलो.

तळ्यावरून बर्फ यायला लागलं की ईरीत समोरचं झाड दिसत नाही. मी काचेला नाक लावून उभा, टोपीवर बर्फाचा थर, आत उबेत माझा संघ धावतोय आणि दिवा रिकाम्या खुर्च्यांकडे बघून लुकलुकतोय. आवाज ऐकू येत नाही, म्हणून टचडाउन झालं की मीच माझ्यापुरतं हळूच ओरडायचो. शेजारीण फावडं घेऊन बर्फ काढत होती. तिनं बराच वेळ बघितलं.

"नॉर्ब, मार्लीननं घराबाहेर काढलं का?"

"नाही हो. मोकळी हवा घेतोय."

दुसऱ्या रविवारी मी असाच उभा असताना आतल्या खोलीतून सासरे आले. म्हटलं मेलो. ते वाकले, बोट तीन नंबरकडे निघालं. मी बाहेरून दोन्ही हात हलवायला लागलो, नको, नको, दाबू नका! त्यांनी मान वर केली. खिडकीत बर्फानं माखलेला जावई माकडासारखा उड्या मारतोय हे बघितलं. क्षणभर विचार केला. बटण दाबलं. मग काठी टेकत खिडकीपाशी आले आणि शांतपणे पडदा ओढून घेतला.

बफेलो त्या दिवशी जिंकलं म्हणे. मला सोमवारी कळलं.

नाताळच्या आधीच्या शुक्रवारी ट्रूडी आली. आम्ही तिघंही घरात. मी दारातच तिला कटवायला बघत होतो, पण मार्लीननं कॉफी ठेवली. ट्रूडी बोलायला फार गोड.

"काही बिघडलंय का बघायला आले. तुमच्याकडून जरा चमत्कारिक आकडे येताहेत. रविवारी तीन-तीन तास टीव्ही चालू, दिवा लुकलुकतोय, आणि समोर कोणी नाही. एकदा मात्र लुडविकसाहेब होते."

"मी होतो," सासरे म्हणाले. "मी दाबलं."

"आणि शनिवारी," ट्रूडी जरा घुटमळली, "शनिवारी दुपारी तुमच्याकडे सात तरुण बायका येतात. क्लीव्हलंडच्या प्रशिक्षकाचा कार्यक्रम बघायला."

मार्लीननं कॉफीची किटली खाली ठेवली.

"शनिवारी दुपारी मी बाजारात असते," ती म्हणाली.

काय सांगू तुम्हाला! त्या क्षणी तळघरात जाऊन भट्टीत शिरावं असं वाटलं. शेवटी सगळं ओकलो. पैज, तरुण बायका, खिडकी, बर्फ, सगळं. म्हातारबांना इथंच ठेवून घ्यायचं होतं म्हणून, असंही बोलून गेलो. ते माझ्या तोंडून कसं निघालं मला ठाऊक नाही. ट्रूडी ऐकत राहिली. बिचारीनं हसू दाबायला दोनदा कॉफीचा घोट घेतला.

"पण मिस्टर गोर्स्की," ती म्हणाली, "ही डबी सगळ्या देशाच्या मोजणीसाठी आहे. तुमच्या गावच्या स्टेशनशी हिचा काही संबंधच नाही. इथं कोणता सामना दाखवायचा ते इथला मॅनेजर ठरवतो. बहुतेक ज्यांचे फोन जास्त येतात त्यांचा."

"फोन?"

"हो. फोन करून सांगायचं, आम्हाला क्लीव्हलंड हवं."

एवढा उपद्व्याप केला, तीन आठवडे बर्फात उभा राहिलो, आणि फोन करायचं मला सुचलं नाही. ईरी काय बघतं ते माझ्याइतकं कोणाला कळत नाही, नाही का! मी तिथल्या तिथं फोन लावला. मॅनेजर म्हणाला, गोर्स्की, तुम्ही तर बफेलोचे, डोकं ठिकाणावर आहे ना? आणि रविवारचं कधीच ठरलंय. पिट्सबर्ग.

सासरे उठून आत गेले. टोमणासुद्धा मारला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. ट्रूडी गेल्यावर आत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मार्लीन दाराशी उभी राहून ऐकत होती.

"पैज तू लावलीस," ती मला म्हणाली. "माझे बाबा माझ्याच घरातून जाणार, ते तुझ्या पैजेपायी."

तिचं खरं होतं.

रविवारी जेवण झाल्यावर मी गाडीवरचं बर्फ काढलं. आतला हीटर लावून ठेवला. म्हाताऱ्याला थंडी वाजू नये. काढलेलं बर्फ पुन्हा पडत होतं आणि मी पुन्हा काढत होतो. मुद्दाम वेळ काढत होतो, लपवण्यात अर्थ नाही. आत एक वाजत आला असणार. शेवटी बॅग आणायला घरात शिरलो.

बॅग हॉलमध्येच होती, पण उघडी. सासरे माझ्या खुर्चीत बसलेले. टीव्ही बंद. मांडीवर त्यांचा जुना बसमधला रेडिओ, त्याची तार वर ओढलेली, आणि खरखरीतून क्लीव्हलंडच्या निवेदकाचा आवाज येत होता. तळ्यावरून इतक्या लांब आवाज येतो हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. माझ्या घरात कोणी क्लीव्हलंड ऐकण्याचा प्रश्नच आला नव्हता.

"बाबा, गाडी तयार आहे," मी म्हणालो आणि बॅगेकडे वाकलो.

"बंद करून ये. पेट्रोल जाळतोयस उगाच."

"पण पैज..."

"पैज तू हरलास. तू नेहमीच हरतोस, तुझा संघच तसा आहे." त्यांनी रेडिओचा कान पिळला. खरखर जरा कमी झाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकी वर्षं बस चालवली. दर हिवाळ्यात, दर थांब्यावर माणसं बर्फात उभी असायची. ती बससाठी उभी असायची रे. माझ्यासाठी कोणी उभं राहिलेलं पहिल्यांदा बघितलं. ते पण इतकं येडं."

मार्लीन ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मी बाहेर गेलो, गाडी बंद केली, तिथंच नाक शिंकरलं आणि परत आलो.

"स्टांकोला काय सांगणार?" मी विचारलं.

"सांगतो, तिथं सगळे आपल्याच बाजूचे. हरल्यावर शिव्या कोणाला घालायच्या? आता बस खाली, आवाज करू नकोस. आणि मार्ले, त्या बॅगेतल्या माझ्या चपला दे गं."

मी जमिनीवर बसलो. खुर्ची मागितली नाही. मार्लीननं नाताळसाठी फ्रीजरमध्ये ठेवलेली पोतित्सा कापून आणली. दगडासारखी झाली होती; पीठ कसं मळलं होतं ते मी बघितलंच होतं. आम्ही ती कॉफीत बुडवून खाल्ली आणि क्लीव्हलंडला हरताना ऐकत बसलो. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांनी चेंडू असा काही घालवला की मी, बफेलोचा नॉर्बर्ट गोर्स्की, उठून रेडिओवर ओरडलो. सासऱ्यांनी काठीनं मला खाली बसवलं.

पुढच्या आठवड्यात पेपरात पुन्हा छापून आलं, फुटबॉलचे प्रेक्षक आणखी घटले. चर्चच्या हॉलमध्ये कॉफी पिताना पुन्हा ज्याचं त्याचं कारण सुरू झालं. मी कप घेऊन गप्प उभा होतो. त्या रविवारी आमच्या घरात तीन माणसं सामन्यासमोर बसली होती, आणि देशाच्या हिशेबात आमच्याकडे कोणीच नव्हतं.